कंडोम कॅथेटर सारखा निघून येतो? चिकटपट्टी वाढवण्याआधी नळी बघा

तीन महिने माझा कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी बाहेरून लावायचं टोपण आणि नळी, रोज साडेनऊच्या सुमारास निघून यायचा. सातला लावायचा, ठाण्यात तलावपाळीला दोन फेऱ्या मारायच्या, कोपिनेश्वराला रस्त्यावरूनच हात जोडायचे, मग बाकावर नेहमीच्या चौघांबरोबर तासभर गप्पा. उठलो की मांडीवरून गरम ओघळ. घड्याळ लावून घ्यावं इतकं नियमित. मी रोज गडद रंगाची पँट घालायला लागलो आणि बाकाच्या अगदी टोकाला बसायला लागलो, म्हणजे उठताना कुणाचं लक्ष जाऊ नये.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी सदतीस वर्षं मेंटेनन्सला फिटर होतो. पाणी, तेल, वाफ, कशाचीही गळती शोधायची हेच काम. तरी स्वतःच्या गळतीचं कारण सापडायला तीन महिने लागले, कारण मी चुकीच्या टोकाला बघत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ज्यांना हाच त्रास आहे त्यांचे तीन महिने वाचावेत म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी माझी केस सांगतो, म्हणजे तुमची वेगळी असेल तर कळेल. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ग्रंथी पूर्ण काढली. लघवी धरून ठेवण्याचं अर्धं काम मूत्राशयाच्या तोंडाशी, प्रोस्टेटच्या वरच्या भागात होत असतं. ते गेलं की सगळा भार खालच्या एकट्या स्नायूवर येतो. तो नवशिका कामगार. झोपलो की बऱ्यापैकी कोरडा असतो, पण खोकलो, शिंकलो, खुर्चीतून उठलो, पिशवी उचलली की सुटते. बऱ्याच जणांचं पहिल्या वर्षभरात पुष्कळ सुधारतं. ओटीपोटाच्या तळाच्या, लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे व्यायाम मीही करतो, पण मला चौदा महिने झाले आणि पूर्ण थांबलेलं नाही. पुढे ऑपरेशनचे पर्याय आहेत, पण मला हृदयाचा त्रास आहे, सध्या नको म्हटलं. पॅड लावून बघितले. मे महिन्यात जांघा सोलून निघाल्या. म्हणून बाहेरून लावायचा कॅथेटर, ज्याला मेडिकलवाले कंडोम कॅथेटर म्हणतात. आत काही जात नाही. नुसतं रबरी किंवा सिलिकॉनचं टोपण, पुढे नळी, पायाला पिशवी.

एक सांगून ठेवतो. पुढे मी लिंग हा शब्द सरळ वापरणार आहे. सर्जिकलच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या गर्दीत मी हळू आवाजात ‘ते… लघवीचं… बाहेरचं’ असं म्हणालो, आणि दुकानदाराने तितक्याच हळू आवाजात ‘मीडियम’ म्हणून एक पुडकं कागदात गुंडाळून दिलं. लाजेपायी चुकीचं माप घेऊन आलो. लाज महाग पडते.

मी काय काय चुकीचं केलं

निघतोय म्हणजे चिकटत नाही, असं धरून चाललो. आतल्या चिकटपट्टीवर आणखी एक पट्टी लावली. टिकला नाही. मग वरून मायक्रोपोर (मलमपट्टीचा कागदी टेप) गोल गुंडाळला, दोन वेढे. त्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या ठणका सुरू झाला. घरी येऊन बघतो तर पुढचा भाग सुजून वांग्यासारखा निळसर झालेला. हात थरथरत होते, कात्री लावायची भीती वाटत होती. शेवटी हिने कोमट पाण्याचा तांब्या आणला, म्हणाली, ‘अहो, ओढू नका, भिजू द्या.’ दहा मिनिटांनी टेप सुटला, तासाभरात रंग परत आला. मी वाचलो म्हणायचं.

तेव्हा हे ठळक अक्षरात वाचा: साधा चिकट टेप लिंगाभोवती गोल, बंद वेढ्यासारखा कधीही लावायचा नाही. टेप ताणत नाही आणि लिंगाचा आकार दिवसभर बदलत असतो. रक्त अडलं तर भाग कायमचा निकामी होऊ शकतो. कॅथेटरबरोबर येणारी स्वतंत्र पट्टी ताणली जाणारी असते, तीही सर्पिल लावायची, टोकाला टोक जोडायचं नाही. सूज, निळसरपणा, ठणका, गारपणा यातलं काहीही दिसलं की कॅथेटर काढायचा, आणि काढूनही उतरलं नाही तर थेट डॉक्टर.

टाकण्याआधी बघा

कारखान्यात फुटलेला गॅस्केट आम्ही कधी तसाच कचऱ्यात टाकला नाही. कुठून फुटला ते तो स्वतः सांगतो. हीच सवय इथे लावायला मला उशीर झाला. एक छोटी वही केली. किती वाजता लावला, किती वाजता निघाला, तेव्हा मी काय करत होतो, आणि निघालेला कॅथेटर कसा दिसत होता. आठ दिवसांत चित्र स्पष्ट झालं. दर वेळी मी बसलेला होतो किंवा नुकताच उठलो होतो. चालताना एकदाही निघाला नव्हता.

निघालेल्या कॅथेटरचं निदान असं:

पुढचा भाग लघवीने फुगलेला आणि पिशवी रिकामी किंवा नुसती ओली, तर दोष चिकटण्यात नाही, पुढे कुठेतरी वाट बंद आहे.

आतून कोरडा आणि बुडापासून गुंडाळी होत वर आलेला, तर त्वचेवर तेल, क्रीम किंवा घाम आहे, नाहीतर केस अडकलेत.

जागेवरच आहे पण बुडाशी एका बाजूने झिरपतोय, तर माप मोठं आहे किंवा लावताना सुरकुती पडली. सुरकुती म्हणजे पन्हळच, पाणी तिथूनच वाट काढणार.

जागेवर आहे, मांडी कोरडी, पण पोटरी ओली, तर नळीचा जोड किंवा पिशवीचा खालचा कॉक, म्हणजे तोटी.

माझा दर वेळी पहिल्या प्रकारचा होता. बाथरूममध्ये उजेडाखाली धरून बघितला तेव्हा दिसलं. टोपण जिथे अरुंद होऊन नळीला जोडतं तिथे त्याला पीळ पडलेला, गोळीच्या कागदाला टोकाशी असतो तसा. दोन वेढे. त्यावर तट्ट फुगलेलं टोपण, आणि पलीकडे नळीत थेंब नाही.

वाट कुठे कुठे बंद होते

हे जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त लोकांचा घोळ इथेच असणार.

माझ्यासारख्याची लघवी थेंब थेंब येत नाही, उठताना एकदम येते. त्या क्षणी वाट मोकळी नसेल तर दाब मागे येतो. मागे काय आहे? चिकट आणि त्वचा. चिकट कितीही चांगला असो, आतून पाणी शिरलं की सुटतोच. भिंतीचा रंग बाहेरून कितीही भारी लावा, मागून पाइप गळत असेल तर पोपडे येणारच.

पहिली जागा टोपणाचा गळा. लावताना लिंगाच्या टोकापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण एक ते दोन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवायची. मी ‘घासायला नको’ म्हणून चार बोटं सोडत होतो. एवढं सैल रबर चालताना फिरतं आणि बसलं की पीळ घट्ट होतो. अजिबात जागा ठेवली नाही तर टोक घासून जखम होते, तेही नको. साध्या लॅटेक्सच्या प्रकारात पीळ जास्त पडतो. सिलिकॉनच्या काही प्रकारांत गळा जाड आणि ताठ केलेला असतो, तो सहसा पिळत नाही, शिवाय पारदर्शक असल्यामुळे आतली त्वचा दिसते. महाग आहे. मी बाहेर जायच्या दिवशी सिलिकॉन, घरी असलो की लॅटेक्स असं जमवलंय. लॅटेक्सने खाज किंवा चट्टे येत असतील तर मात्र तो बंदच करायचा.

दुसरी जागा चड्डी. घट्ट व्ही आकाराची चड्डी टोपण वर पोटाकडे दाबून धरते, आणि लघवीला चढावर जावं लागतं. नाडीची सैल चड्डी वापरा, लिंग आणि नळी खालच्या दिशेला सोडा.

तिसरी जागा नळी. पायाच्या पिशवीबरोबर येणारी नळी लांब असते. जास्तीची लांबी मांडीजवळ लोंबकळली की तिथे वाटी तयार होते आणि वाटीत लघवी साचून राहते. पुढची धार त्या साचलेल्या पाण्याला ढकलत बसते. नळी कापता येणारी असेल तर मापात कापा. माप घ्यायचं ते खुर्चीत बसून, गुडघा वाकवून. मी उभं राहून घेतलं होतं, मग बसलो की ताण यायचा. एक नळी त्यात वाया गेली. ‘दोनदा मापा, एकदा कापा’ हे आमचे फोरमन ‘एकदा मापा, दोनदा कापा’ असं उलटं बोलून चिडवायचे, त्यांची आठवण झाली.

चौथी जागा पिशवी, आणि ही कुणी सांगत नाही. नव्या कोऱ्या पिशवीच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. पहिली धार आत शिरतच नाही. लावण्याआधी पिशवी तळहातांत चोळून भिंती सुट्या करायच्या, थोडी हवा आत राहू द्यायची. मी तर सरळ टेस्ट घेतो. पिशवी पायाला बांधतो, खुर्चीत बसतो आणि नळीच्या तोंडात छोट्या फनेलने अर्धा कप पाणी एकदम ओततो. सर्रकन गेलं तर पास. थांबत थांबत गेलं तर कुठेतरी अडलंय, ते कोरडं असतानाच सापडतं. पाणी खालच्या कॉकमधून सोडून द्यायचं की झालं. दोन मिनिटांचं काम आहे. हे सुरू केल्यापासून बाकावरचा प्रकार आठवड्याला सहावरून महिन्याला एकावर आला.

पाचवं म्हणजे वजन. ५०० मिलिलिटरची पिशवी अर्धी भरली की पाव किलो लटकतं. पट्टा घसरला की ते वजन नळीतून थेट टोपण ओढतं. अर्धी झाली की रिकामी करा. पट्टा पोटरीला बांधताना खाली दोन बोटं जायला हवीत, रक्त अडेल इतका आवळायचा नाही.

तेल आणि दिवाळी

दुसऱ्या प्रकारचा दोष मला एकदाच आला, पण कायमचा लक्षात राहिला. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान. हिने नेहमीप्रमाणे तेल-उटणं लावून पाठ चोळून दिली, मी दोन तांबे पाणी घेतलं, पुसलं आणि लावला. फराळाच्या ताटावर बसेपर्यंत लेंग्याच्या आत टोपण सुटं झालेलं. तेलाचा हात कुठवर गेला होता देव जाणे. तेलाने चिकट धरत नाही, शिवाय लॅटेक्स तेलाने कमजोर होतं. तेव्हा कॅथेटर लावायच्या दिवशी कमरेखाली खोबरेल नाही, क्रीम नाही, पावडर तर अजिबात नाही. पावडरीने कोरडं राहील असं वाटतं, पण चिकट त्वचेला न धरता पावडरीला धरतो.

साध्या साबणाने धुवा, साबण पूर्ण काढा, टिपून कोरडं करा आणि पंख्याखाली दहा मिनिटं बसा. ठाण्याच्या दमट हवेत ही दहा मिनिटं सोडून चालत नाही, जून-जुलैत तर पंधरा लागतात. टॉवेल स्वतःच दमट असतो त्या दिवसांत. पुढची त्वचा मागे घेऊन धुतली असेल तर लावण्याआधी ती पुन्हा पुढे, मूळ जागेवर आणायची. मागेच राहिली तर मागे अडकून सूज येते, आणि मग तातडीने दवाखाना गाठावा लागतो. केस कात्रीने बारीक करा, वस्तरा नको, बारीक कापलेल्या जागी लघवी लागली की आग होते. लावून झाल्यावर मुठीत हलकेच दहा-पंधरा सेकंद धरायचं. हाताच्या उबेने चिकट बसतो.

माप

दुकानात छोटं, मध्यम, मोठं असं मिळतं, पण खरं माप मिलिमीटरमध्ये व्यासाचं असतं. सवयीने मी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं कारखान्यातलं अवजार, काढला होता. ही दारातून बघून आत निघून गेली, अर्धा तास स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज येत होता. व्हर्नियर नकोच, मऊ भाग दाबला जातो आणि माप कमी येतं. शिलाईचा दोरा घ्या, लिंगाच्या सगळ्यात जाड जागी न आवळता एक वेढा द्या, दोरा पट्टीवर मोजा, आलेल्या आकड्याला ३.१४ ने भागा. माझा दोरा ९४ मिलिमीटर आला, म्हणजे व्यास ३०. दुकानदाराने ‘मीडियम’ म्हणून दिलेलं पुडकं उघडून बघितलं तर ३५ चं. प्रत्येक कंपनीचं मीडियम वेगळं, तेव्हा आकडा मागा. काही कंपन्यांची कागदी मापपट्टी मिळते, ती असेल तर उत्तम. गार पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच मोजू नका, कारण सांगायला नको.

पोट सुटलेलं असेल किंवा ऑपरेशननंतर लांबी कमी झाली असेल (होते, डॉक्टर आधी सांगत नाहीत म्हणून घाबरायला होतं), तर बसल्यावर लिंग आत जातं आणि टोपण ढकलून बाहेर काढतं. लावताना एका हाताने ओटीपोट मागे दाबून धरा. कमी लांबीचे प्रकारही मिळतात. तरीही धरत नसेल तर भांडत बसू नका, त्या माणसासाठी पॅड किंवा दुसरा उपाय असतो, डॉक्टरांना विचारा.

काढणं, धुणं वगैरे

चोवीस तासांत एकदा काढायचाच. कोमट पाण्यात भिजवून, बुडापासून हळूहळू गुंडाळत. मी रात्री काढून उशाशी युरिनलचं भांडं ठेवतो, त्वचेला तेवढीच हवा. सकाळपर्यंत लाली उतरली नाही, फोड आले, पांढरट थर दिसला, तर त्या दिवशी लावायचा नाही. मधुमेह असेल तर जास्तच जपा. पिशवी आतून धुऊन एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी भरून अर्धा तास ठेवतो, मग खळखळून वाळत टाकतो. आठवड्याला नवी.

आमच्या मजल्यावर एक काका अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत. त्यांचा मुलगा रात्रीच लावतो, दोन लिटरच्या मोठ्या पिशवीला जोडून. त्यांचाही कॅथेटर रोज पहाटे सुटायचा. मी जाऊन बघितलं तर पिशवी गादीवर, पायाशी ठेवलेली. पाणी वर चढत नाही, दादा! पिशवी पलंगाच्या खालच्या पट्टीला अडकवली, जमिनीला न टेकवता, आणि नळी त्यांच्या मांडीखालून न नेता वरून नेली. त्यांना सांगता येत नाही ना, पाय नळीवर पडला तरी. आता मुलगा रात्री दोनला उठतो तेव्हा फक्त नळीवरून हात फिरवतो.

हे मेंटेनन्सचं काम नाही

ताप, थंडी, लघवीत रक्त, जळजळ, म्हाताऱ्या माणसाचं अचानक असंबद्ध बोलणं, ही जंतुसंसर्गाची लक्षणं असू शकतात. दुसरं म्हणजे धार बारीक होत जाणं, जोर लावावा लागणं, ओटीपोट टम्म वाटणं आणि तरीही सतत थेंब गळणं. याचा अर्थ मूत्राशय रिकामं होत नाहीये आणि भरून वरून सांडतंय. टाकी भरून वाहत असेल तर खाली बादली लावून काय उपयोग? असं असताना बाहेरचा कॅथेटर लावून गप्प बसणं धोक्याचं, किडनीवर जातं. सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर आत किती उरते ते कळतं. ज्यांनी अजून डॉक्टरांना न दाखवताच मेडिकलमधून कॅथेटर आणलाय, त्यांनी आधी ती करून घ्या.

आणि पाणी कमी करू नका. मी करून बसलो. लघवी गडद झाली, वास यायला लागला, आणि मूत्राशय चिडल्यामुळे घाई वाढली. आता हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेत पुरेसं पितो, फक्त सकाळचा दुसरा कटिंग घरी परतल्यावर.

बाहेर पडताना

प्रवासात पिशवी रिकामी करणं सगळ्यात सोपं. मुतारीत उभं राहायचं, पँटची मोरी जरा वर, कॉक उघडायचा. शेजारच्याला पत्ता लागत नाही. टीएमटीच्या बसमध्ये खिडकीची जागा घेऊ नका. चाकावरची सीट असेल तर गुडघे वर येतात आणि नळी दुमडते. रिक्षात पाय जरा पुढे सोडून बसतो. गडकरी रंगायतनला नाटक असलं की कडेची खुर्ची, आणि पडदा उघडण्याआधी एकदा उठून परत बसायचं, म्हणजे पहिली धार कुठे जाते ते कळतं. सोबतच्या पिशवीत एक कॅथेटर, कात्री, छोटा नॅपकिन, काळी पँट. काळी पँट हल्ली क्वचितच उघडावी लागते.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही, मांडी घालून बसणं. मांडी घातली की नळी जांघेत आणि गुडघ्यात अशी दोन ठिकाणी दुमडते. पिशवी मांडीच्या बाहेरच्या बाजूला बांधून पाहिली, नळी आखूड करून पाहिली, पाच मिनिटांच्या वर जात नाही. श्रावणात घरी सत्यनारायण आहे. भटजींना विचारलं, पाटाऐवजी खुर्चीवर बसून पूजा चालेल का? म्हणाले, ‘काका, गुडघ्यांमुळे हल्ली निम्मे यजमान खुर्चीवरच बसतात.’ मी म्हटलं, हो, गुडघेच.